वाघ्याचं टाचण : कुत्र्याला नवी करामत शिकवताना योजना कुठे बदलायची?



उन्हाळी सुट्टी लागली की ज्यांच्या घरी कुत्रं आहे अशा पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोरानं मोबाईलवर बघून कुत्र्याला शिकवायला घेतलं. दोन दिवस छान चाललं, आता ते ऐकतच नाही. कुत्रंच मंद आहे का?" कुत्रं मंद नसतं. मोबाईलमधली योजना त्या व्हिडिओतल्या कुत्र्यासाठी असते, आपल्या अंगणातल्या कुत्र्यासाठी नसते, एवढाच त्यातला घोळ. आपण वर्गासाठी पाठ टाचण काढतो, तसंच हेही एक टाचणच. ते काढणं सोपं असतं. चालू पाठात ते बदलायचं कधी आणि किती, हे अवघड. आजचा लेख त्यावर आहे. ज्यांच्या घरी कुत्रं नाही त्यांनीही वाचावा, कारण अर्धा लेख शेवटी वजाबाकीवर जाणार आहे!

आपल्याकडची कुत्री

आपल्या लातूर-नांदेड भागात गावरान कुत्र्यांबरोबर कारवान जातीची कुत्री पुष्कळ पाळतात. लांब निमुळतं तोंड, आत ओढलेलं पोट, उंच पाय आणि वाऱ्यासारखं पळणं. कानाला-शेपटीला लांब केस असले तर लोक त्याला पश्मी म्हणतात. खाली कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ गावावरून याच कुळातली कुत्री मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जातात. मुधोळ संस्थानाच्या घोरपडे राजांनी ती जोपासली. टपाल खात्याने २००५ साली भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळही होतं. आपल्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्या-गाढवांबरोबर श्वानांचंही प्रदर्शन भरतं, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच. म्हणून तर आपल्याकडे दर चौथ्या घरी कुत्र्याचं नाव वाघ्या असतं.

कारवान हे मुळात नजरेने शिकार हेरून तिच्यामागे धावणारं कुत्रं. ससा दिसला की त्याला मालकाची हाक ऐकू येत नाही. शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली, पण कुत्र्याच्या रक्तातली धाव कायद्याने जात नाही. शिवाय हे कुत्रं परक्याचा हात अंगावर सहसा चालवून घेत नाही. लॅब्राडोरसारखं खाण्याच्या मागे वेडंही नसतं. व्हिडिओतलं कुत्रं मात्र बहुतेक वेळा लॅब्राडोर असतं. इथेच योजनेत पहिला फरक करावा लागतो.

लॅब्राडोर म्हटलं की मुंबई पोलिसांचा झंजीर आठवतो. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढलं होतं. बीड पोलिसांच्या रॉकीला मानाने निरोप दिला गेला, त्याने तीनशेहून जास्त गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती आणि ऑगस्ट २०२०च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला होता. मुलांना ही उदाहरणं जरूर सांगावीत. फक्त एक सांगायला विसरू नये. त्या कुत्र्यांना एकच सांभाळणारा असतो, रोजचा सराव असतो आणि प्रशिक्षण महिनोन्‌महिने चालतं. आपल्या घरी सकाळची दहा मिनिटं असतात, तीही आईची पाणी भरायची हाक येईपर्यंत.

डी.एड.च्या पुस्तकातलं मांजर

आपण सगळ्यांनी डी.एड.ला थॉर्नडाइकचं मांजर पाठ केलंय. १८९८ साली त्याने भुकेलं मांजर पेटीत ठेवलं, खटका दाबला की दार उघडे, बाहेर मासा. मांजराला सुटायला लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला. आपण उत्तरपत्रिकेत 'प्रयत्न-प्रमाद उपपत्ती' असं लिहून पाच गुण घेतले आणि मोकळे झालो. पण त्याने काढलेले आलेख नीट बघा. ती रेषा एकसारखी खाली उतरत नाही. मध्येच वर उसळी घेते, परत खाली येते. काल जे दहा सेकंदांत जमलं त्याला आज चाळीस लागतात. शिकणं असंच असतं. 'कालपर्यंत येत होतं, आज का येत नाही' असं आपण वर्गात विचारतो, त्याचं उत्तर त्या वाकड्यातिकड्या रेषेत आहे.

दुसरं नाव स्किनरचं. त्याचं साधक अभिसंधान आपण उंदीर आणि कबुतरांवर थांबवतो. त्याने १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात प्राण्यांना कसं शिकवावं यावर एक लेख लिहिला होता, त्यात कुत्रंही आहे. मुलांच्या खेळण्यातल्या टिकटिक आवाजाच्या बेडकाचा आवाज आणि खाऊ यांची जोडी जमवायची, मग त्या आवाजाने कुत्र्याला नेमकं सांगायचं की 'हे, हेच बरोबर केलंस'. दोनच वर्षांनी, १९५३ साली, पालक म्हणून तो आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. त्याला दिसलं काय? सगळी मुलं एकाच वेगाने चाललीत, काहींचं कधीच झालंय, काही अडकलीत, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नाही. त्यातून त्याची अध्यापन यंत्रं आणि कार्यक्रमबद्ध अध्ययन आलं. यंत्रं फार चालली नाहीत. पण कुत्र्याच्या अंगणातून माणूस चौथीच्या वर्गात गेला आणि त्याला तिथे तीच अडचण दिसली, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

इथे एक खुलासा. मुलं म्हणजे कुत्री नव्हेत. मूल प्रश्न विचारतं, कारण मागतं, कंटाळा आला तर तसं सांगतं (निदान सांगता यावं). मी तुलना करतोय ती शिकवणाऱ्याच्या योजनेची, शिकणाऱ्याची नाही.

प्रकरण काय होतं

आमच्या चौथीतल्या एका विद्यार्थ्याच्या घरी दीड वर्षाचा कारवान कुत्रा आहे. नाव अर्थातच वाघ्या. स्वभावाने गरीब, पण घरात कुणी आलं की आनंदाने अंगावर झेप घेतो. मार्चमध्ये मुलाच्या आजी देवळातून येताना दारातच त्याच्या झेपेने पडल्या. हाड मोडलं नाही, पण मनगट चांगलंच सुजलं. तेव्हापासून त्या काठी घेऊन चालतात आणि कुत्रा मोकळा असेल तर ओट्यावर येत नाहीत. वडिलांनी सरळ सांगितलं, "शाळा उघडायच्या आत ह्याला आखाड्यावर नेऊन बांधतो. तिथं राखण तरी करील." आखाड्यावर बांधणे म्हणजे दिवसभर साखळी, संध्याकाळी एक भाकरी. पोराचा जीव कासावीस झाला. सुट्टी लागायच्या दिवशी वही घेऊन तो माझ्याकडे आला.

वहीत त्याने सुंदर योजना लिहिली होती. दारात कुणी आलं की वाघ्याने झेप घेण्याऐवजी कोपऱ्यातल्या गोणपाटावर जाऊन आडवं व्हायचं, ही करामत. सहा पायऱ्या, सहा वार. सोमवारी गोणपाटावर पाय ठेवणे, मंगळवारी चारही पाय, बुधवारी आडवं होणे, गुरुवारी 'जागेवर' हा शब्द, शुक्रवारी दहा मोजेपर्यंत थांबणे, शनिवारी दारात माणूस आला तरी थांबणे. खाली लिहिलं होतं : रविवार – आजी.

पायऱ्या चांगल्या होत्या. खरं सांगायचं तर आपल्यातल्या कित्येकांच्या घटक नियोजनापेक्षा चांगल्या होत्या. खटकले ते फक्त वार. बुधवारी आडवं होणं आलं नाही तर गुरुवारी काय करायचं, याला त्या वहीत जागाच नव्हती.

मग आम्ही वार खोडले आणि त्या जागी पाच-पाच चौकटी आखल्या. हा नियम माझा नाही. जीन डोनाल्डसन नावाच्या अमेरिकन श्वानप्रशिक्षक बाईंची ही पद्धत प्रशिक्षकांत चांगली रुळलेली आहे. एका पायरीवर पाच वेळा करून बघायचं. पाचपैकी चार किंवा पाच वेळा जमलं तर पुढच्या पायरीवर जायचं. तीन वेळा जमलं तर तिथेच थांबून आणखी पाच वेळा. दोन किंवा त्याहून कमी, तर मागच्या पायरीवर यायचं. पोराने आपल्या भाषेत वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं : पुढं – तिथंच – मागं.

दिसायला साधा नियम आहे, पण त्याने दोन गोष्टी साधतात. एक, 'आज त्याचा मूड नाही' असल्या अंदाजावर निर्णय होत नाही, समोर आकडा असतो. दुसरं, मागे येणं हा पराभव राहत नाही, तो नियमातलाच एक शब्द होतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी ही दुसरी गोष्ट फार मोठी आहे. आणि हो, पस्तिशीच्या गुरुजींसाठीही.

अडलं कुठे

पहिल्या दोन पायऱ्या एकाच सकाळी झाल्या. गोणपाटावर पाय पडला की लगेच "हां!" आणि भाकरीचा तुकडा. "हां" हा आमचा टिकटिक बेडूक. तो आवाज नेमका त्या क्षणी यायला हवा. कुत्रं गोणपाटावरून उतरून तुमच्याकडे यायला निघालं आणि मग तुम्ही "शाब्बास" म्हणालात, तर तुम्ही त्याला उतरायचं शिकवलंत.

तिसऱ्या पायरीवर गाडी रुतली. आडवं व्हायचं नावच नाही. पाचपैकी एक. मागे येऊन परत गेलो, पुन्हा एक. तीन दिवस हेच. पोरगं म्हणालं, "सर, काल एकदा तरी करायलता, आज तर बघायलाच तयार नाही."

अशा वेळी योजना बदलायची म्हणजे आधी बघायचं. नुसतं बघायचं, शिकवायचं नाही. पोराला मी दोन दिवस फक्त एवढंच काम दिलं : वाघ्या दिवसभरात स्वतःहून कुठे आणि कधी आडवा होतो ते लिही. त्याच्या वहीतल्या नोंदींनी सगळं उलगडलं. वाघ्या कधीच फरशीवर निजत नव्हता. निजायचा तो कडुनिंबाखालच्या भुसभुशीत मातीत किंवा आजीच्या जुन्या वाकळीवर. शहाबादी फरशी, त्यावर एकपदरी गोणपाट, वेळ सकाळी दहाची, मे महिना. पारा चाळिशीच्या वर. कारवानच्या अंगावर चरबीचा थर नसतो, कोपरं आणि ढोपरं सरळ हाडावर टेकतात. तुम्हीआम्ही त्या फरशीवर आडवे झालो असतो का? जीभ बाहेर काढून धापा टाकणारं कुत्रं शिकत नसतं, ते अंग थंड करत असतं.

म्हणून वेळ केली सकाळी साडेसहा. गोणपाटाखाली वाकळ घातली. जागा फरशीवरून कडुनिंबाखाली नेली. आणि भाकरी बदलली. भाकरी त्याला तशीही रोज मिळतेच, तीही पाटीभर, मग तुकड्यासाठी तो कशाला राबेल? त्याऐवजी उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे, आणि सराव खाण्याच्या आधी. (पालकांसाठी सूचना : चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा कुत्र्याला देऊ नये, विषारी ठरतात.) एवढं करून पाचपैकी तीन. तिथंच.

आता इथे एक बारीक निर्णय होता, आणि माझ्या मते सगळ्या लेखातला महत्त्वाचा. पायरी अडते तेव्हा दोन वाटा असतात. एक, पायरीचे आणखी तुकडे करायचे : मान खाली नेली की "हां", कोपर वाकलं की "हां", पोट टेकलं की "हां". दुसरी, मुळात ही पायरी हवीच आहे का असं विचारायचं. मी पोराला विचारलं, "वाघ्या आडवा झाला नाही, नुसता गोणपाटावर उभा राहिला, तर आजी पडतील का?" तो विचार करून म्हणाला, "नाही पडणार. पण उभा राहिला तर तो लवकर पळंल." बरोबर होतं त्याचं. आडवं होणं ही शोभा नव्हती, थांबण्यासाठी ती उपयोगाची गोष्ट होती. तरी लगेच गरजेची नव्हती. मग असं ठरलं की चारही पाय गोणपाटावर असले की पुरे, तुकडा तिथेच गोणपाटावर टाकायचा, आणि नुसतं थांबायचं. थांबून थांबून तो स्वतःहून आडवा झाला तर मूठभर बक्षीस. दुसऱ्याच सकाळी झाला. हाताने दाबून, मागचा भाग खाली ढकलून बसवायला गेलो असतो तर परक्या हाताला बिचकणारं हे कुत्रं गोणपाटालाच घाबरलं असतं.

चौथी पायरी म्हणजे शब्द. ती कुत्र्यामुळे नाही, घरच्या माणसांमुळे अडली. मुलगा म्हणे "जागेवर", आई म्हणे "जा तिकडं", वडील म्हणत "हट". शेवटी पोराने दारावर खडूने मोठ्या अक्षरात 'जागेवर' लिहिलं आणि घरातल्या सगळ्यांकडून वदवून घेतलं. शब्द एकदाच म्हणायचा, हेही सांगितलं. "जागेवर, जागेवर, अरे जागेवर की" असं पाचदा म्हटलं तर कुत्रं पाचव्यांदा ऐकायचं शिकतं. वर्गात "गप्प बसा" या वाक्याचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच.

एका वेळी एकच गोष्ट

खरी परीक्षा पुढे होती. मूळ योजनेत 'दहा मोजेपर्यंत थांबणे' आणि 'दारात माणूस' या लागोपाठच्या पायऱ्या होत्या. घाईत मुलाने दोन्ही एकदम घेतल्या आणि स्वतःही गोणपाटापासून दूर दाराशी जाऊन उभा राहिला. पाचपैकी शून्य. नेमके तेव्हा वडील घरी होते. वाघ्या बहिणीच्या अंगावर उडाला आणि वडील म्हणाले, "सर, पोरगं कुत्र्याला शिकवायलंय का कुत्रं पोराला? बस झालं आता." मी त्यांच्याकडे आठ दिवस मागून घेतले. दिले त्यांनी, पण हसून नाही.

थांबणं अवघड होण्याच्या तीन दिशा असतात : किती वेळ, किती अंतरावरून आणि आजूबाजूला काय चाललंय. एक वाढवायची असेल तर उरलेल्या दोन कमी करायच्या. वाघ्याला शेजारी उभं राहून दहा मोजेपर्यंत थांबता येत होतं. पाच पावलांवरून तीन मोजेपर्यंत येत होतं. दारात माणूस आल्यावर शेजारी उभं राहूनही एक मोजेपर्यंत येत नव्हतं. म्हणजे ही वेगळीच पायरी होती, आणि तिचे तुकडे करायला हवे होते. पोराने आणि त्याच्या बहिणीने मिळून ते केले, मी फक्त ऐकलं. बहीण फाटकाबाहेर नुसती उभी. मग कडीचा आवाज, पण आत यायचं नाही. मग आत येऊन लगेच परत. मग आत येऊन ओट्यापर्यंत. प्रत्येकाला पाच चौकटी. कडीच्या आवाजावर सगळ्यात जास्त वेळ लागला, दोन पूर्ण दिवस, कारण त्या आवाजावर झेप घ्यायची सवय दीड वर्षाची होती. जुनी सवय असते तिथे पायरी लहान करावी लागते.

मध्येच पाहुण्यांकडे लग्न निघालं आणि चार दिवस सराव बंद. परत आल्यावर कडीच्या आवाजाला पाचपैकी एक. पोराचं तोंड उतरलं. नियमाप्रमाणे दोन पायऱ्या मागे गेलो आणि दोन सकाळींत होतो तिथे आलो. पहिल्यांदा शिकायला दोन आठवडे, दुसऱ्यांदा दोन सकाळी. जूनमध्ये मुलं मागच्या वर्षीचं विसरून येतात तेव्हा हेच करायचं असतं. कोविडनंतर २०२१ साली राज्यात सेतू अभ्यास आला, त्याच्या मागेही हाच विचार होता. तो आपण किती मनापासून राबवला हा विषय वेगळा.

राहिल्या आजी. त्या ओट्यावर यायलाच तयार नव्हत्या, आणि त्यांना कोण म्हणणार की या, भिऊ नका? भिणाऱ्या माणसालाही पायऱ्या लागतात. पहिले दोन दिवस त्या खिडकीच्या आतून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी खिडकीतूनच त्यांनी अंड्याचा तुकडा गोणपाटावर टाकला. मग उंबऱ्यातून. वाघ्या साखळीला होता, साखळी वडिलांच्या हातात. हळूहळू वाघ्याने आजीकडे बघून गोणपाटावर जायला सुरुवात केली.

इथे योजनेत आणखी एक बदल झाला, तो आजींनीच सुचवला. म्हणाल्या, "मला ते 'जागेवर' वरडायला जमत नाही. माझा आवाजच निघत नाही त्याला बघून." मग शब्दाऐवजी काठी घेतली. मारायला नाही, वाजवायला. याची रीत ठरलेली आहे : नवी खूण आधी, जुनी खूण लगेच नंतर, मग बक्षीस. काठीचा फरशीवर 'ठक', मग मुलाने "जागेवर" म्हणायचं, वाघ्या गेला की तुकडा. क्रम उलटा झाला तर चालत नाही. शब्द आधी आला तर कुत्रं शब्दावरच निघून जातं आणि काठीकडे त्याचं लक्षच राहत नाही. दोन-तीन दिवसांत शब्द म्हणायच्या आतच वाघ्या काठीच्या आवाजावर वळायला लागला. मग शब्द सोडून दिला. ज्या काठीमुळे आजी आणि कुत्रा दोघेही एकमेकांना बिचकत होते, तीच दोघांची बोली झाली. वडिलांनी आखाड्याचा विषय नंतर काढला नाही. मीही विचारला नाही.

वर्गातली चौकट

आता वजाबाकी. ५२ − २७ चं उत्तर ३५ काढणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. ते पाचातून दोन वजा करतं, मग सातातून दोन, कारण दोनातून सात जात नाहीत आणि मोठ्यातून लहान वजा करायचं एवढं त्याला पक्कं आहे. टाचणात त्या दिवशी तीन अंकी हातच्याची वजाबाकी असते. आपण काय करतो? फळ्यावर आणखी एक उदाहरण, जरा मोठ्या आवाजात. म्हणजे पाचपैकी एक जमणाऱ्या पायरीवर "जागेवर, जागेवर" म्हणत राहतो.

पाटीवर पाच गणितं द्या. पाच मिनिटं लागतात. चार-पाच बरोबर आलेली मुलं तीन अंकीकडे जातील. तीनवाली आणखी पाच सोडवतील. दोन किंवा कमी असलेल्यांना दशकाच्या जुड्या आणि सुट्या काड्या हातात द्यायच्या, एक जुडी सोडायची, बारा काड्यांतून सात काढायच्या. आमची दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यामुळे हे रोज होत नाही. आठवड्यातून दोनदा होतं. निपुण भारतच्या नोंदी आपण ठेवतोच, पण त्या नोंदीवरून उद्याचं टाचण बदललं नाही तर ती नोंद फक्त वरच्या कार्यालयासाठी राहते. दिवसनिहाय नियोजन दाखवावं लागतं हे मान्य. मी टाचणाच्या डाव्या बाजूला तारीख लिहितो आणि उजव्या बाजूला पुढं, तिथंच, मागं यांपैकी एक शब्द. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

आणि बघायचं काम विसरू नका. ३५ लिहिणाऱ्या मुलाला "कसं केलंस ते सांग" असं विचारा आणि मध्ये बोलू नका. फरशी कुठे तापलीय ते तिथे कळतं. कधी गणित अवघड नसतं, मुलगा सकाळी न खाता आलेला असतो, किंवा बाकावरून फळाच दिसत नसतो.

मारण्याबद्दल वेगळं लिहीत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत ते बंद आहे, प्राण्यांसाठी १९६०चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. शिवाय मारलेलं कुत्रं गोणपाटावर जाईलही, पण मारणारा घरात असेपर्यंतच.

पालकांनी घ्यायची काळजी

हा प्रयोग फक्त स्वतःच्या, रेबीजची लस दिलेल्या कुत्र्यावर करावा, आणि जवळ मोठं माणूस असावंच. गल्लीतल्या कुत्र्यांवर मुलांनी प्रयोग करू नये. कुत्रं खात असताना, निजलेलं असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला हात लावू नये. चावलं किंवा दातांचा ओरखडा जरी आला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, मिरची, चुना काही लावू नये. सराव एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, दिवसातून दोनदा पुरे. कुत्र्याने तोंड फिरवलं, जांभया दिल्या, जमीन हुंगत सुटलं तर त्या दिवशी थांबावं.

वही सध्या माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर चार ओळी आहेत. बहीण : पाचपैकी पाच. पोस्टमन काका : चार. आजी, काठीसह : पाच. भाजीवाल्याचा गाडा, ज्याच्यामागे गल्लीतली मांजर येते : पाचपैकी दोन. पुढे पोराने लिहिलंय, "मागं. मांजर लांब असताना परत घ्यायचं."